रक्ताचे नाते आणि जनुकांची भाषा : प्रौढांच्या रक्तकर्करोगातील टेलोमरेज चाचणीची एक चिकित्सा

सारांश

प्रौढ वयात रक्तकर्करोग होणाऱ्या काही रुग्णांमध्ये टेलोमरेज या विकराशी संबंधित जनुकांत जन्मतःच बदल असतो. तोच बदल भावंडांतही असू शकतो. आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी दाता म्हणून आपण प्रथम भावंडांकडेच पाहतो. त्यामुळे ही चाचणी एकट्या रुग्णापुरती राहत नाही. प्रस्तुत लेखात या चाचणीमागील विज्ञानाचा थोडक्यात परामर्श घेऊन, तिचा अर्थ मराठीत सांगताना वापरल्या जाणाऱ्या 'जनुकीय', 'आनुवंशिक', 'दोष' आणि 'वंशावळ' या शब्दांची चिकित्सा केली आहे. हे शब्द आज ज्या अर्थाने रूढ आहेत त्या अर्थाने ते या चाचणीला अपुरे आणि काही ठिकाणी दिशाभूल करणारे आहेत, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : रक्तकर्करोग, टेलोमरेज, जनुकीय चाचणी, आनुवंशिकता, वंशावळ, संमती.

१. प्रस्तावना

'रक्ताचा कर्करोग' हे शब्द उच्चारले गेले की मराठी कुटुंबात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न, 'बरा होईल का?' आणि दुसरा, काहीशा दबक्या आवाजात, 'घराण्यात कुणाला होता का?' पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याची वैद्यकाची क्षमता गेल्या अर्धशतकात पुष्कळ वाढली आहे. दुसऱ्या प्रश्नाला दीर्घकाळ 'हा घराण्यातून येणारा आजार नव्हे' असे उत्तर दिले गेले आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते आजही बरोबर आहे. परंतु 'बहुसंख्य' आणि 'सर्व' या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरात काही कुटुंबे सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मज्जाजन्य कर्करोगांच्या वर्गीकरणात सुधारणा करताना जन्मजात प्रवणतेमुळे होणाऱ्या आजारांना प्रथमच स्वतंत्र स्थान दिले आणि त्यांत टेलोमिअरच्या विकारांचा समावेश केला. म्हणजे दबक्या आवाजातील तो प्रश्न आता वैद्यकाने स्वतःहून विचारावयाचा प्रश्न झाला आहे.

हा विषय केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. तथापि कोणतीही जनुकीय चाचणी ही दोन ठिकाणी घडते. एक, प्रयोगशाळेत; दुसरी, तिचा अहवाल रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना समजावून सांगितला जातो त्या संभाषणात. पहिल्या ठिकाणाची भाषा इंग्रजी आहे. दुसऱ्या ठिकाणाची भाषा, निदान शिरूर-खेड-आंबेगाव या परिसरातून पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत जाणाऱ्या माणसांसाठी, मराठी आहे. या दुसऱ्या ठिकाणी वापरले जाणारे शब्द तपासणे हे भाषेच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांचेही काम ठरते. प्रस्तुत लेखाची भूमिका तेवढ्यापुरती मर्यादित आहे.

२. टेलोमरेज : वैज्ञानिक पार्श्वभूमी

घोंगडी विणून झाली की तिच्या टोकाला सुटे धागे राहतात. त्यांना आपण दशा म्हणतो. त्या पिळून गाठी मारल्या नाहीत तर वीण टोकापासून उसवू लागते. आपल्या पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांनाही अशीच राखण लागते. या टोकांना टेलोमिअर म्हणतात. माणसात ही टोके सहा अक्षरांच्या एकाच लहानशा क्रमाची हजारो अक्षरे भरतील इतकी पुनरावृत्ती होऊन बनलेली असतात. पेशीचे विभाजन होते तेव्हा टोकाचा थोडा भाग प्रत्येक वेळी गळतो. टोक फार आखूड झाले की पेशी विभाजन थांबवते किंवा नष्ट होते. तसे न होता ती विभागत राहिली तर उघडी पडलेली गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात, तुटतात आणि कर्करोगाला वाट मिळते.

एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ साली टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात टोकांच्या या पुनरावृत्त रचनेचे वर्णन केले. टोके पुन्हा भरून काढणारा विकर, म्हणजे टेलोमरेज, कॅरोल ग्रायडर आणि ब्लॅकबर्न यांनी १९८४ साली ओळखला आणि पुढील वर्षी त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या दोघींना जॅक शोस्टॅक यांच्यासमवेत २००९ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. टेलोमरेजचे दोन मुख्य घटक आहेत. एक प्रथिन असून त्याच्या जनुकाला टर्ट म्हणतात. दुसरा घटक टोकाचा नमुना पुरविणारा आरएनए असून त्याच्या जनुकाला टर्क म्हणतात.

शरीरातील बहुतेक प्रौढ पेशींत टेलोमरेज जवळजवळ निष्क्रिय असतो. अस्थिमज्जेतील मूळपेशींना मात्र त्याची गरज असते, कारण प्रौढ माणसाची मज्जा दररोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार करते. एवढ्या अखंड विभाजनाचा भार वाहणाऱ्या ऊतीला टोकांची झीज सर्वांआधी जाणवावी, हे स्वाभाविक आहे. डिस्केराटोसिस कंजेनिटा या दुर्मीळ जन्मजात विकारामागील पहिले जनुक १९९८ साली हाती आले. त्याच विकाराच्या आणखी एका प्रकारामागे टर्क जनुकातील बदल असल्याचे २००१ साली सिद्ध झाले. बाह्य लक्षणे नसलेल्या आणि 'अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया' एवढेच निदान झालेल्या रुग्णांत टर्ट जनुकातील बदल आढळल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. २००९ साली प्रौढांच्या तीव्र मज्जाजन्य रक्तकर्करोगातही असे बदल सापडल्याचे वृत्त आले. अवघ्या अकरा वर्षांत लहान मुलांच्या एका विरळा आजाराचे सूत्र प्रौढांच्या रक्तकर्करोगापर्यंत येऊन पोहोचले, असे म्हणता येईल.

या इतिहासात एक विरोधाभास आहे व तो दृष्टीआड करून चालत नाही. बहुसंख्य कर्करोगांच्या पेशी टेलोमरेज पुन्हा जागृत करून त्याच्या बळावर अमर्याद वाढतात. टेलोमरेजला रोखणारे इमेटेलस्टॅट हे औषध अमेरिकेत जून २०२४ मध्ये मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या काही रुग्णांसाठी मान्य झाले आहे. म्हणजे एकाच विकराची जन्मजात उणीव मज्जेला दुबळी करून कर्करोगाची वाट उघडते आणि त्याच विकराची पुढे होणारी अतिरिक्त जाग कर्करोगाला पोसते. नोबेल पारितोषिकानंतरच्या लोकप्रिय विज्ञानलेखनात टेलोमरेजची प्रतिमा बहुधा दीर्घायुष्य देणाऱ्या रसायनाची राहिली. अमृताची उपमा या विकराला लावणे किती अपुरे आहे, हे रक्तकर्करोगाच्या संदर्भात सर्वांत स्पष्टपणे दिसते.

३. 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' यांतील गल्लत

मराठी वृत्तपत्रांत, आरोग्यविषयक व्याख्यानांत आणि रुग्णालयातील बोलण्यात 'जनुकीय आजार' आणि 'आनुवंशिक आजार' हे शब्दप्रयोग सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. याचे एक कारण आपल्या शिक्षणात आहे. शालेय पाठ्यपुस्तकांत जनुक आणि उत्परिवर्तन यांची ओळख आनुवंशिकतेच्या प्रकरणातच होते. साहजिकच जनुकातील प्रत्येक बदल आईबापांकडून आलेला असतो, असा समज पक्का होतो.

रक्तकर्करोगाच्या बाबतीत हा समज दोन्ही बाजूंनी घातक ठरतो. दीर्घकालीन मज्जाजन्य रक्तकर्करोगाचे उदाहरण घेऊ. या आजारात आढळणारे 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' १९६० साली नोंदले गेले आणि ते नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीतून बनते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखविले. ज्या औषधाच्या पेटंटचा वाद भारताच्या सर्वोच्च न्यायालयात १ एप्रिल २०१३ रोजी निकाली निघाला, ते ग्लिव्हेक याच बदलाच्या परिणामावर नेम धरणारे औषध आहे. हा आजार पूर्णतः जनुकीय आहे. मात्र तो आनुवंशिक नाही. हा बदल रुग्णाच्या मज्जेतील एका पेशीत त्याच्या हयातीत घडतो. त्याच्या मुलाबाळांकडे तो जात नाही. अशा रुग्णाच्या घरी 'जनुकीय आजार आहे' एवढेच वाक्य पोहोचले, तर त्याच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत ते वाक्य निष्कारण आडवे येऊ शकते.

टेलोमरेजच्या जनुकांतील ज्या बदलांचा येथे विचार करीत आहोत, त्यांची गोष्ट उलट आहे. ते जन्मतःच शरीरातील प्रत्येक पेशीत असतात. टर्ट किंवा टर्कमधील असा बदल असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता साधारणतः निम्मी असते. शिवाय आखूड झालेली टोकेही पुढील पिढीला मिळत असल्याने काही कुटुंबांत आजार प्रत्येक पिढीत अधिकाधिक लवकरच्या वयात प्रकटतो. येथे 'कर्करोग घराण्यातून येत नाही' हे दिलासा देण्यासाठी उच्चारलेले वाक्य सत्याला सोडून जाते.

प्रयोगशाळेलाही हा भेद करण्यासाठी वेगळी वाट चोखाळावी लागते. रक्तकर्करोगाच्या रुग्णाचे रक्त हेच रोगग्रस्त असते. त्या रक्तात सापडलेला बदल जन्मजात आहे की रोगाबरोबर आलेला, हे केवळ त्या रक्तावरून निश्चित करता येत नाही. लाळेतही रक्तातील पेशी मिसळलेल्या असतात. म्हणून त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशी वाढविणे आणि त्यांत तोच बदल आहे का हे पाहणे, हा अधिक विश्वासार्ह मार्ग मानला जातो. त्याला काही आठवडे लागतात. 'रक्ताच्या आजारासाठी कातडी कशाला कापता?' हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' यांतील भेद सांगितल्याशिवाय देताच येत नाही. यासाठी पहिल्या प्रकाराला 'उपार्जित बदल' आणि दुसऱ्याला 'जन्मजात बदल' असे म्हणावे, असे सुचवावेसे वाटते. हे दोन्ही शब्द मराठीला नवे नाहीत; त्यांचा काटेकोर वापर मात्र नवा ठरेल.

४. 'दोष' या शब्दाची घाई

अहवालात एखादा बदल नोंदला गेला की मराठीत त्याचे रूपांतर चटकन 'जनुकात दोष निघाला' असे होते. प्रत्यक्षात जनुकातील बदलांची प्रतवारी केली जाते. रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित असलेला, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी अशा त्या पाच पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांसाठीसुद्धा 'दोष' हा शब्द जरा जास्तच नैतिक वजनाचा आहे. मधल्या पायरीसाठी तर तो चुकीचाच आहे.

या प्रतवारीतही कालांतराने फेरफार होतात, याचे बोलके उदाहरण २००९च्या त्या अभ्यासातच आहे. त्यात प्रथम १३३ रुग्णांची तपासणी झाली व ११ जणांत टर्ट जनुकातील असे बदल आढळले, जे तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी व्यक्तींत नव्हते. यांपैकी सर्वाधिक आढळणारा एक बदल पुढे ३७२ रुग्ण आणि ३८४ निरोगी व्यक्तींत तपासला असता रुग्णांमध्ये त्याचे प्रमाण तिप्पट दिसले. त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर हा निष्कर्ष सुसंगत होता. पुढे मोठ्या लोकसंख्येच्या जनुकनोंदी हाती आल्या, तेव्हा हाच बदल निरोगी युरोपीय लोकांतही बऱ्यापैकी आढळतो असे दिसून आले. आज तो सामान्यतः निरुपद्रवी बदलांच्या बाजूला धरला जातो. २००९ साली ज्याला 'दोष' म्हटले गेले असते, त्याला आज तसे म्हणता येत नाही.

याच्या नेमकी उलट दिशा दाखविणारा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी प्रत्यारोपण झालेल्या १५१४ रुग्णांपैकी ४१ जणांत, म्हणजे २.७ टक्के रुग्णांत, टर्ट जनुकातील दुर्मीळ बदल आढळले. यांपैकी जवळजवळ सर्व बदल प्रचलित निकषांनुसार 'अर्थ अनिश्चित' या वर्गात मोडत होते. परंतु ते प्रत्यक्ष पेशींत घालून पाहिले असता सुमारे ९० टक्के बदल टेलोमिअर वाढविण्याची क्षमता कमी करतात, असे दिसले. या रुग्णांचे निदानाच्या वेळचे वय तुलनेने कमी होते आणि प्रत्यारोपणानंतर, मूळ रोग न उलटताही, मृत्यू येण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते. एकूण काय, तर 'दोष' म्हणण्याची घाई जितकी चुकीची, तितकीच 'काही विशेष नाही' म्हणून अहवाल बाजूला ठेवण्याची घाईही चुकीची आहे. मधल्या पायरीसाठी 'अनिर्णीत बदल' हा शब्द न्यायालयीन मराठीतून घेता येईल. खटला अनिर्णीत आहे म्हणजे आरोपी दोषी नाही, सुटलेलाही नाही आणि पुढची तारीख आहे, हे आपल्या ग्रामीण समाजाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

येथे लोकसमूहाचा प्रश्न उपस्थित होतो. एखादा बदल दुर्मीळ आहे की नाही, हे कोणाशी तुलना केली यावर ठरते आणि दीर्घकाळ ही तुलना प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांशी होत आली. महाराष्ट्राला या प्रश्नाची जाणीव नवीन नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद केली. नेहमीच्या चाचणीत हे रक्त 'ओ' गटाचे वाटते. परंतु अशा व्यक्तीला 'ओ' गटाचे रक्त दिले तर ते तिला घातक ठरते. बाहेरून आलेली चाचणी तिला माहीत असलेल्या उत्तरांपैकीच एक उत्तर देते, हा धडा त्या शोधातून मिळतो. त्याआधी काही वर्षे एल. डी. संघवी आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांतील आनुवंशिक गुणधर्मांची तुलना केली होती. खानोलकर हे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ आणि पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक. कर्करोगाच्या अभ्यासकाने जातिसमूहांच्या आनुवंशिकीकडे लक्ष द्यावे, ही दृष्टी परळमध्ये तेव्हापासून होती. अलीकडे 'जीनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची नोंद झाली असून जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. अंतर्विवाही समूहांच्या या देशात दहा हजार ही संख्या आरंभ म्हणूनच पाहावी लागेल.

५. भावंड : नातेवाईक, दाता आणि संभाव्य रुग्ण

या चाचणीतील खरा पेच प्रत्यारोपणाच्या वेळी उभा राहतो. भारतात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सुरुवात मार्च १९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पुढाकाराने झाली. तेव्हापासून, सर्वत्र असते तसेच आपल्याकडेही, ऊतिगट जुळणारे सख्खे भावंड हाच दात्याचा पहिला पर्याय राहिला आहे. वैद्यकीय तर्काला आपल्या संस्कृतीचाही पाठिंबा मिळतो. पाठच्या भावाने किंवा बहिणीने मज्जा देणे याला आपल्याकडे दानाहूनही कर्तव्याचे स्वरूप येते.

परंतु रुग्णात टेलोमरेजचा जन्मजात बदल असेल, तर ऊतिगट पूर्ण जुळणाऱ्या भावंडातही तोच बदल असण्याची शक्यता निम्मी आहे. असे भावंड बाहेरून ठणठणीत असू शकते. त्याच्या रक्तातून प्रत्यारोपणासाठी पुरेशा मूळपेशी मिळत नाहीत, किंवा मिळाल्या तरी त्या नव्या शरीरात नीट रुजत नाहीत, किंवा कालांतराने त्यांतूनच पुन्हा आजार उद्भवतो. याखेरीज टेलोमिअरच्या विकारात फुप्फुसे आणि यकृत ही इंद्रियेही नाजूक असतात. प्रत्यारोपणापूर्वीची औषधे कोणत्या तीव्रतेची द्यावीत, हा निर्णयही या चाचणीवर अवलंबून राहतो. तेव्हा चाचणी करावयाची तर दाता ठरण्यापूर्वी करावी लागते. प्रत्यारोपण फसल्यानंतर ती केवळ शवविच्छेदनासारखी उरते.

प्रत्येक प्रौढ रुग्णाची ही चाचणी करावी, असा याचा अर्थ नव्हे. वय कमी असणे, रक्तकर्करोगाआधी वर्षानुवर्षे पेशींची संख्या कमी असणे, विशीतच केस पांढरे होणे, कुटुंबात कुणाची फुप्फुसे कारणाविना घट्ट होत जाणे किंवा दारूला न शिवलेल्या माणसाचे यकृत निकामी होणे, अशा खुणा असतील तेथे तिचा विचार प्रथम व्हावा. अशा ठिकाणी टेलोमिअरची लांबी मोजणारी वेगळी चाचणीही साहाय्यभूत ठरते. आणि भावंड दाता म्हणून उभे राहणार असेल तेथे हा प्रश्न निदान विचारला तरी जावा.

आता भावंडाच्या बाजूने पाहू. आपल्या भावासाठी रक्त तपासायला आलेली बहीण घरी परतते ती कदाचित स्वतःच्या शरीराविषयीची अशी माहिती घेऊन, जी तिने मागितली नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या राष्ट्रीय नीतितत्त्वांत जनुकीय चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशनाची अपेक्षा व्यक्त केली आहे. माहिती नको असण्याचाही व्यक्तीला अधिकार असतो, हे तत्त्व तेथे आहे. पण ज्या घरात 'भावासाठी एवढेही करणार नाहीस?' या प्रश्नापुढे सारे अधिकार गळून पडतात, तेथे संमतीपत्रावरील सही ही संमती मानावी काय, याचा विचार आवश्यक आहे. ऊतिगट जुळतो का यासाठीची संमती आणि जन्मजात बदल तपासण्यासाठीची संमती या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या दोन वेगळ्या कागदांवर, शक्यतो दोन वेगळ्या दिवशी आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या अनुपस्थितीत घेतल्या जाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

या माहितीचे आर्थिक पडसादही असतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१८ रोजी आरोग्यविम्यातून 'जनुकीय विकार' सरसकट वगळणारे कलम भेदभाव करणारे ठरविले. त्यानंतर विमा नियामकाने कंपन्यांना तशा आशयाच्या सूचना दिल्या. निकालाचा काही भाग पुढे सर्वोच्च न्यायालयात स्थगित झाला. अमेरिकेत २००८ साली झाला तसा जनुकीय माहितीच्या आधारे होणाऱ्या भेदभावाला प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. विमापत्रातील 'जनुकीय विकार' या शब्दांत उपार्जित आणि जन्मजात हे दोन्ही बदल बसू शकतात. म्हणजे तिसऱ्या विभागात चर्चिलेली भाषिक गल्लत येथे थेट पैशाच्या व्यवहारात उतरते.

६. वंशावळीतील गाळलेल्या जागा

'आनुवंशिक' या शब्दाच्या पोटात 'वंश' आहे आणि मराठीत वंश मुलाने चालतो. 'वंशाचा दिवा' या शब्दप्रयोगात मुलीला जागा नाही. लग्नानंतर तिचे कूळ आणि आडनाव बदलते आणि माहेरच्या वंशाच्या हिशेबातून ती बाहेर पडते. टर्ट आणि टर्क यांची जनुके लिंगगुणसूत्रांवर नाहीत. ती मुलामुलींत भेद करीत नाहीत. आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलाकडे आलेला बदल आपल्या 'वंशा'च्या कल्पनेत कोठेच नोंदला जात नाही. म्हणून 'तुमच्या वंशात कुणाला होते का?' असा प्रश्न केल्यास नातेवाईक प्रामाणिकपणे फक्त वडिलांकडची माणसे आठवतात आणि 'नाही' म्हणतात.

महाराष्ट्रात वंशावळ ठेवण्याची परंपरा मोठी आहे. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी कुटुंबांच्या पिढ्यांच्या नोंदी ठेवीत आले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कित्येक घराण्यांच्या पिढ्या सापडतात. जमिनीच्या वारसनोंदीसाठी आणि जात पडताळणीसाठी आजही शपथेवर वंशावळ सादर करावी लागते. २०२३ सालापासून कुणबी नोंदींच्या शोधात तर मोडीतील दप्तरे पुन्हा उघडली गेली आणि पणजोबा-खापरपणजोबांची नावे घरोघरी चर्चेत आली. तरीही या सर्व वंशावळी दोन गोष्टींबाबत मुक्या आहेत. त्यांत मुलींच्या शाखा बहुधा खुंटलेल्या असतात आणि माणूस कशाने गेला हे कोठेही लिहिलेले नसते. मालमत्ता आणि जात यांसाठी आखलेले हे झाड वैद्यकाच्या कामी येत नाही. त्याला मामा, मावशी, आत्या आणि आतेभावंडे यांच्या फांद्या जोडाव्या लागतात आणि प्रत्येक नावापुढे मृत्यूचे वय व कारण लिहावे लागते.

मराठीत यासाठी अधिक नेमका शब्द तयारच आहे. आपण 'रक्ताचे नाते' म्हणतो, तेव्हा त्यात मामा असतो, मावशी असते, बहिणीची मुलेही असतात. 'वंशात कुणाला होते का?' याऐवजी 'रक्ताच्या नात्यात, आईकडच्या आणि वडिलांकडच्या, कुणाला होते का?' असे विचारले तर उत्तर बदलू शकते. अत्यंत महागड्या चाचणीची दिशा ठरविणारा हा प्रश्न विनामूल्य आहे.

७. पाबळच्या संदर्भात

पाबळ हे गाव पुण्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे. टेलोमरेजची चाचणी येथे होणार नाही आणि होण्याची आवश्यकताही नाही. तथापि अशा आजाराची पहिली खूण येथेच दिसते आणि ती येथेच दुर्लक्षिली जाते. 'रक्त कमी आहे' हे निदान आपल्या परिसरात इतके सामान्य आहे की त्यापुढे प्रश्न विचारला जात नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. बहुसंख्य वेळा त्या योग्यच असतात. पण गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, त्याबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी आहेत, आणि घरात दुसऱ्या कुणाला असेच आहे, अशी माणसे पुढच्या तपासणीसाठी पाठविली जाणे आवश्यक असते.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथील मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात गृह व आरोग्य हा विभाग असून ग्रामीण विद्यार्थी हिमोग्लोबिन आणि रक्तगट यांच्या तपासण्या हाताने करायला शिकतात. हाताने काम करता करता शिकावे, ही कलबाग यांची शिक्षणदृष्टी आपल्या विषयाला लागू पडते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत महाविद्यालये रक्तगट व हिमोग्लोबिन तपासणी आयोजित करतात. त्याच वेळी विद्यार्थ्यांकडून त्यांच्या रक्ताच्या नात्यांचे तीन पिढ्यांचे झाड, आईकडच्या शाखेसह, काढून घेता येईल. ते कागद महाविद्यालयाने जमा करू नयेत; विद्यार्थ्यांनी ते घरी ठेवावेत, कारण ती माहिती त्यांच्या कुटुंबाची आहे. मराठी, समाजशास्त्र, भूगोल आणि विज्ञान या चारही विभागांना एकत्र आणणारा हा उपक्रम ठरू शकतो.

याबरोबरच शब्दांची आणखी एक अडचण नमूद केली पाहिजे. ग्रामीण महाराष्ट्रात 'जेनेटिक' हा शब्द सरकारी कागदावर प्रथम आला तो गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम असा कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. त्यानुसार जनुकीय समुपदेशन केंद्रे, प्रयोगशाळा व चिकित्सालये यांची नोंदणी बंधनकारक झाली आणि सोनोग्राफी केंद्रेही त्याच नोंदणीच्या कक्षेत आली. परिणामी जनुकीय तपासणी म्हणजे गर्भाशी संबंधित आणि काहीशी बेकायदा गोष्ट, अशी छटा जनमानसात उरली आहे. पन्नाशीच्या पुरुषाच्या रक्तकर्करोगासाठी जनुकीय समुपदेशन लागते, हे सांगताना या पूर्वग्रहाची दखल घ्यावी लागते.

८. समारोप

टेलोमरेजच्या जनुकांची चाचणी रक्तकर्करोग बरा करीत नाही. ती काही थोड्या कुटुंबांत योग्य दाता निवडण्यास, औषधांची तीव्रता ठरविण्यास आणि उरलेल्या भावंडांवर लक्ष ठेवण्यास मदत करते. तिचे महत्त्व एवढे मर्यादित आहे आणि ज्या घरात ती लागू पडते त्या घरासाठी एवढे मोठे आहे. तिला अमरत्वाच्या स्वप्नाशी जोडणे जसे अनुचित, तसेच 'घराण्याला लागलेला दोष' म्हणून लपविणेही अनुचित.

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, या चाचणीसाठी मराठीला नवे अवघड पारिभाषिक शब्द घडविण्याची तातडीची गरज नाही. 'उपार्जित' आणि 'जन्मजात' हे दोन शब्द वेगळे ठेवणे, 'दोष' म्हणण्यापूर्वी 'बदल' म्हणणे, ठरले नसेल तेथे 'अनिर्णीत' म्हणणे आणि 'वंश' विचारण्याऐवजी 'रक्ताचे नाते' विचारणे, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. शब्द बदलल्याने मज्जा सुधारणार नाही. परंतु प्रत्यारोपणाच्या टेबलावर कोणत्या भावाला किंवा बहिणीला न्यायचे, हा निर्णय ज्या संभाषणात होतो ते संभाषण शब्दांनीच बनलेले असते. आणि त्या शब्दांची जबाबदारी भाषा शिकविणाऱ्यांनाही टाळता येणार नाही.